एकाच वर्षी पहिलीत

2025 च्या एप्रिलमधली गोष्ट. आंबेडकर जयंती होऊन चार-पाच दिवस झाले होते. दुपारी चारच्या सुमारास मी सूप घेऊन वर्षाचे गहू निवडत बसले होते, तेव्हा तो दारात येऊन उभा राहिला. "बाई, ओळखलं का?" चेहऱ्यावरून नाही, उभं राहण्यावरून ओळखलं. डावा खांदा किंचित खाली. चौथीत असतानाही दप्तराचा एकच बंद खांद्यावर अडकवून तो वर्गाच्या दारात असाच उभा राहायचा, आत ये म्हणेपर्यंत.

त्याचं नाव लिहीत नाही. त्याची मुलगी अजून शिकते आहे. ती ज्या शाळेत शिकते तिचंही नाव लिहीत नाही. तो नगरच्या सिद्धार्थनगरात वाढला. पालिकेच्या ज्या शाळेत मी नोकरीची बहुतेक वर्षं काढली, तिथे पहिली ते सातवी शिकला. पुढे आयटीआय करून नागापूरच्या एमआयडीसीत फिटर झाला, तोही ठेकेदाराकडे. बोल्हेगावात दोन खोल्या भाड्याने घेऊन राहतो.

त्याने खिशातून चौघडी घातलेला कागद काढला. नववीच्या फीची नोटीस होती. 48,000 रुपये, मे अखेरपर्यंत. मुलगी 2017 साली आरटीईच्या लॉटरीत नंबर लागून त्या इंग्रजी शाळेत पहिलीला गेली. आठवीपर्यंत फी नव्हती. कायदाच तसा आहे: बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क, 2009 चा, 1 एप्रिल 2010 पासून लागू, वय वर्षं 6 ते 14. खासगी विनाअनुदानित शाळेनेही पहिल्या वर्गातल्या 25 टक्के जागा वंचित आणि दुर्बल घटकांच्या मुलांना द्यायच्या. आठवी झाली की तो हक्क संपतो. बाक तोच, मैत्रिणी त्याच, जूनपासून मात्र फी भरायची.

"शाळेत तुमच्या ओळखीचं कोणी असेल तर शब्द टाका," तो म्हणाला. "हप्ते पाडून दिले तरी चालेल."

तो शब्द टाकायला सांगत होता आणि मी मात्र इतकी वर्षं मनात घोळलेलं बोलून बसले. "काढ तिला तिथून. चांगल्या अनुदानित शाळेत घाल. मुलींना बारावीपर्यंत फी नाही. सेमी-इंग्रजी घे, गणित-विज्ञान इंग्रजीतच होईल. कर्ज कशाला काढतोस?"

"नववीत शाळा बदलू? दहावी एक वर्षावर आलीय."

"बदल म्हणते ते फीसाठी नाही रे. ही पंचवीस टक्क्यांची लॉटरीच मला पटत नाही. तुमच्या वस्तीतली जी चार हुशार, धडपड्या आईबापांची मुलं, ती लॉटरीने उचलून नेली. ज्यांच्याकडे पैसा होता ते आधीच गेले. मागे राहिलं कोण? ज्याच्या आईला अर्ज भरता येत नाही, ज्याच्या बापाकडे रजिस्टर केलेला भाडेकरार नाही, तो. त्याची शाळा कोण सुधारणार? भांडणारा पालकच तिथे उरला नाही."

मी हे वरवर बोलत नव्हते. पट टिकवण्यासाठी मे महिन्याच्या उन्हात गल्लीगल्लीत फिरून मी मुलं शोधली आहेत. संचमान्यतेच्या वेळी पट कमी भरला की शिक्षक अतिरिक्त ठरतात, मग तुकडी मिटते, मग तुकडी मिटली म्हणून आणखी दहा पालक दाखला मागायला येतात. माझ्या शाळेत मी रुजू झाले तेव्हा प्रत्येक इयत्तेच्या तीन-तीन तुकड्या होत्या. निवृत्त झाले तेव्हा पहिली-दुसरी एका खोलीत बसत होत्या. 2012 च्या स्वयंअर्थसहाय्यित शाळांच्या कायद्यानंतर सावेडीपासून केडगावपर्यंत इंग्रजी शाळांच्या पाट्या झरझर वाढल्या आणि आमच्या शाळेला लोक 'खिचडीची शाळा' म्हणायला लागले. दुपारच्या जेवणासाठी येणारं मूल हा शाळेचा कमीपणा ठरला. मला ते फार लागायचं. अजून लागतं.

"कोठारी आयोगाने साठ वर्षांपूर्वीच सांगितलं होतं," मी म्हणाले. "शेजारशाळा. एका वस्तीची सगळी मुलं, कलेक्टरची आणि कामगाराचीही, एकाच शाळेत. शाहू महाराजांनी तर 1919 मध्येच अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून ती मुलं सर्वांच्या शाळेत घ्यायला लावली. आणि आपण काय केलं? ज्याच्या-त्याच्या खिशाप्रमाणे वेगळी शाळा."

तो ऐकून घेत होता. पुढ्यातल्या गव्हातला एक खडा उचलून त्याने बाजूला ठेवला.

"बाई, एक विचारू? राग मानू नका."

"विचार."

"तुमचा मुलगा आणि मी एकाच वर्षी पहिलीत गेलो. 1992 ला. मी तुमच्या वर्गात होतो. तो कुठं होता?"

उत्तर त्याला माहीत होतं. सकाळी रिक्षा आमच्या दारात यायची, निळी चड्डी, पांढरा शर्ट, गळ्यात पाण्याची बाटली. त्याला रिक्षात बसवून मी सायकलने माझ्या शाळेत जायचे. दोन्ही शाळांमध्ये पुरतं एक किलोमीटरही अंतर नव्हतं. माझंच नव्हे, आमच्या शाळेतल्या एकाही शिक्षकाचं मूल आमच्या शाळेत नव्हतं. आम्ही मधल्या सुट्टीत बसून आमच्या मुलांच्या फीबद्दल बोलायचो. हे त्या काळी आम्हांला विचित्र वाटलं नाही, हे आज सांगताना मला शरम वाटते. माझा मुलगा आज पुण्यात चांगल्या कंपनीत आहे. हा नागापूरला ठेकेदाराकडे आहे. दोघांत हुशार कोण होता हे मला विचाराल, तर पाढे यानेच आधी पाठ केले होते.

"चुकलं माझं," मी म्हणाले.

"चुकलं असं नाही म्हणत मी. तुम्ही आई म्हणून बरोबरच केलं. मी बाप म्हणून तेच करतोय. तुम्हाला पगार होता म्हणून तुम्ही फी भरून केलं, माझ्याकडं जातीचा दाखला होता म्हणून मी त्याच्यावर केलं. मग शेजारशाळा सुधारायची जबाबदारी माझ्याच पोरीवर का? तुम्ही लोक गेलात तेव्हा शाळा पडायला लागली. आता शेवटी निघालो आम्ही, तर दार ओढून घेतल्याचा ठपका आमच्यावर?"

याला माझ्याकडे खरंच उत्तर नव्हतं. पण एवढ्यावर माझं म्हणणं खोटंही ठरत नव्हतं, आणि मी ते सोडलं नाही. गेल्या वर्षीचंच बघ, मी त्याला म्हटलं. 9 फेब्रुवारी 2024 ला सरकारने नियम बदलला. ज्या खासगी शाळेच्या एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा आहे, तिला पंचवीस टक्क्यांतून सूट. म्हणजे शहरातल्या बहुतेक सगळ्या इंग्रजी शाळा सुटल्या. 6 मे रोजी उच्च न्यायालयाने स्थगिती दिली आणि 19 जुलैला तो बदल रद्दच केला, म्हणून दार उघडं राहिलं. "सरकारचं म्हणणं काय होतं ठाऊक आहे? जवळ आमची शाळा आहे ना, तिथे जा. ज्या सरकारला स्वतःच्या शाळेत शिक्षक भरता येत नाहीत ते हे म्हणतं, तेव्हा मलाही संताप येतो. पण वाईट याचं वाटलं, की त्या काही महिन्यांत अख्ख्या महाराष्ट्रात पालिकेच्या शाळेत जावं लागणं ही शिक्षा आहे असंच सगळे बोलत होते. तूही."

"माझ्या भावाच्या पोराचा अर्ज होता त्या वर्षी," तो म्हणाला. "पोर्टल उघडलं तर यादीत नुसत्या झेडपीच्या आणि पालिकेच्या शाळा. भाऊ म्हणाला, ह्यासाठी अर्ज कशाला, तिथं तर नुसतं चालत गेलं तरी घेतात. त्यानं भरलाच नाही अर्ज. नंतर परत संधी दिली तेव्हा धावत आला. शिक्षाच होती ती बाई. पालिकेच्या शाळेत जाणं ही शिक्षा नाही. इतकी वर्षं दुसऱ्या दारातून आत घेतलं आणि मग सांगितलं की तुमचं दार ते तिकडचं, ही शिक्षा."

त्याने हे इतक्या शांतपणे सांगितलं की मी थांबले. चहा टाकायला उठले.

चहा घेताना बोलणं फुल्यांवर गेलं, ते त्याच्या मुलीमुळे. जयंतीला सिद्धार्थनगरात तिने भाषण केलं होतं, मुक्ता साळवेंवर. फुल्यांच्या शाळेतली ती मातंग मुलगी, जिचा मांग-महारांच्या दुःखावरचा निबंध 1855 मध्ये 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला. ते 'ज्ञानोदय' 1842 मध्ये आपल्या नगरातच सुरू झालेलं. याचा मला नेहमी अभिमान वाटत आला आहे. फरारबाई, अमेरिकन मिशनच्या सिंथिया फरार, 1839 मध्ये नगरला आल्या, मुलींच्या शाळा चालवल्या आणि 1862 मध्ये इथेच वारल्या. जोतीराव त्यांची शाळा बघायला आले होते. सावित्रीबाईंनी शिकवण्याचे धडे इथे गिरवले. 1848 मध्ये भिडेवाड्यात जे सुरू झालं त्याचं बी नगरच्या मातीतलं आहे, असं मी दर वर्षी 3 जानेवारीला मुलांना सांगायचे.

"आणि त्याच जोतीरावांनी 1882 मध्ये हंटर आयोगापुढे काय मांडलं?" मी विचारलं. "रयतेच्या घामाचा पैसा वरच्यांच्या शिक्षणावर खर्च होतो. खालच्यांची प्राथमिक शाळा आधी करा, निदान बारा वर्षांपर्यंत सक्तीची करा. प्राथमिक शाळा, रे. चार जणांना वरच्या शाळेत जागा द्या असं नव्हते म्हणत ते."

"त्यांनी बारा मागितलं, सरकारनं चौदा दिलं," तो म्हणाला. "सव्वाशे वर्षांत दोन वर्षं वाढली. आणि पुढची दोन वर्षं 48,000 ची."

मग मी त्याला अमेरिकेचं सांगितलं. तो फुल्यांचा वाचक. 1873 मध्ये 'गुलामगिरी' फुल्यांनी अमेरिकेतल्या गुलामांची मुक्तता करणाऱ्या लोकांना अर्पण केली, हे त्याला ठाऊक होतं. त्या मुक्तीनंतरही काळ्यांच्या आणि गोऱ्यांच्या शाळा वेगळ्या राहिल्या. 1954 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने वेगळ्या शाळा घटनाबाह्य ठरवल्या. 1957 मध्ये लिटल रॉक शहरात नऊ काळी मुलं गोऱ्यांच्या शाळेत सोडायला सैन्य आणावं लागलं. पुढे काळ्या-गोऱ्यांच्या वस्त्यांतली मुलं बसने एकमेकांच्या शाळांत न्यायला लागले, तर गोरी कुटुंबं शहर सोडून उपनगरात जाऊन राहिली, आणि 1974 मध्ये डेट्रॉइटच्या खटल्यात त्याच न्यायालयाने सांगितलं की उपनगरातल्या शाळांना यात ओढता येणार नाही. शाळा पुन्हा वेगळ्याच्या वेगळ्या. तिथे शाळेचा बराच पैसा त्या-त्या भागाच्या घरपट्टीतून येतो, त्यामुळे श्रीमंत भागाची शाळा श्रीमंत, गरिबांची गरीब. "आपल्याकडे सावेडीला झालं ते निराळं नाही," मी म्हणाले. "म्हणून म्हणते, एकेका मुलाला उचलून पलीकडे नेल्याने काही होत नाही. पैसेवाले आणखी पलीकडे जातात."

तो सगळं ऐकून एवढंच म्हणाला, "ती नऊ पोरं केवढी होती?"

"पंधरा-सोळा वर्षांची."

"आणि त्यांच्या अंगावर थुंकले असतील लोक."

"थुंकले."

"मोठ्या माणसांचं काम पोरांच्या अंगावर." त्याने कप खाली ठेवला. "बाई, खर्डा आपल्याच जिल्ह्यातलं ना? 2014. एप्रिलच होता, 28 तारीख. सतरा वर्षांचं दलित पोरगं. मारायला नेलं ते शाळेच्या आवारातून. 2017 च्या नोव्हेंबरात आरोपी सगळे निर्दोष सुटले, साक्षीदार फिरले. तिथं तर शाळा एकच होती. सगळ्या जातींची पोरं एकाच आवारात होती. तुमची शेजारशाळाच ती."

माझ्या हातातला कप तसाच राहिला. खर्ड्याची बातमी आली त्या दिवशी मी सातवीच्या वर्गावर होते. वर्गात कोणीच काही बोललं नाही. मीही धडा पुढे नेला. आज वाटतं, तो दिवस धडा पुढे नेण्याचा नव्हता.

"मग तुझं म्हणणं काय?" मी विचारलं. "एकत्र बसवून उपयोग नाही?"

"एकत्र बसलंच पाहिजे. बाबासाहेबांना शाळेत गोणपाटावर वेगळं बसवलं, शिपाई असेल तरच पाणी. त्याच्यासाठीच तर एवढं सगळं झालं. पण एकत्र बसवलं म्हणजे झालं असं समजू नका. तुम्ही मला पहिल्या बाकावर बसवायचात. आठवतं? तेवढ्यावर मी सातवीपर्यंत आलो. शाळा पालिकेची होती म्हणून नाही. तुम्ही होतात म्हणून."

ते ऐकून बरं वाटायला हवं होतं. मला मात्र त्याच वर्गातली मागच्या बाकावरची मुलं आठवली, ज्यांची नावंही आता नीट सांगता येत नाहीत.

मी मुलीच्या शाळेबद्दल विचारलं. तिथे कसं वागवतात? तो लगेच बोलला नाही. मग म्हणाला, वाईट नाही वागवत. बाई चांगल्या आहेत. मारत नाहीत, जात काढत नाहीत. गॅदरिंगचे पैसे, सहलीचे पैसे मात्र वेगळे मागतात. कायद्यात गणवेश-पुस्तकंही फुकट आहेत, ती आठ वर्षांत कधी मिळाली नाहीत. शाळावाले म्हणतात, सरकार एका मुलामागे वर्षाला 17,670 देतं आणि तेही वर्षानुवर्षं थकतं, आम्ही कुठून आणायचे? ते खोटं नाही, हे मलाही माहीत आहे. थकबाकीचं रडगाणं मी दोन्ही बाजूंनी ऐकलं आहे. सरकारने कायदा केला आणि पैसे वेळेवर दिले नाहीत, त्याचा राग शेवटी सहा वर्षांच्या मुलावर निघतो.

"हजेरीत नावापुढं एक अक्षर आहे," तो म्हणाला. "आर. लाल पेनानं. दर वर्षी नवीन हजेरी, दर वर्षी नवीन आर. कुठला फॉर्म भरायचा असला की वर्गात सांगतात, आरटीईवाले उभे राहा. पाच-सहा पोरं उभी राहतात. बाकीची वळून बघतात. जयंतीच्या स्टेजवर एवढं बोलली बाई, माईक सोडायला तयार नव्हती. शाळेत आठ वर्षांत एकदा हात वर केला नाही तिनं. मॅडमनीच सांगितलं मला, शी इज अ व्हेरी क्वायट गर्ल."

मला राहवलं नाही. "अरे मग हेच तर मी म्हणते! जिथे ती माईक सोडत नाही तिथे शिकू दे ना तिला. आपल्या माणसांत, आपल्या भाषेत. नववीला आलीय, आता तरी."

"मी पण हेच म्हणालो तिला. नोटीस आली त्या रात्री. म्हटलं, काढू का तुला? मराठी शाळेत घालू का? तिथं तुझ्यासारख्याच मुली असतील." तो नोटिशीच्या घड्या पुन्हा त्याच रेघांवर घालत होता. "तर म्हणाली, पप्पा, नववीची फी आपण भरली की माझ्या नावापुढचा तो आर निघेल ना?"

"..."

"कामगारांच्या पतसंस्थेत अर्ज टाकलाय. तीस हजार मिळतील. बाकीचे हप्त्यानं द्यायचेत. म्हणून आलो."

मी उठून कपाटातून लेटरपॅड काढलं. त्या शाळेच्या संस्थेत माझ्या ओळखीचे एक गृहस्थ होते, त्यांच्या नावाने चार ओळी लिहिल्या. विद्यार्थिनी गुणी आहे, पालक प्रामाणिक आहेत, फी चार हप्त्यांत घ्यावी ही विनंती. खाली सही केली. सहीखाली 'निवृत्त मुख्याध्यापिका' लिहिलं आणि पुढे सवयीने शाळेचं नाव लिहायला लागले, महानगरपालिका प्राथमिक शाळा, क्रमांक...

तो माझ्या खांद्यावरून बघत होता.

"तेवढं नका टाकू, बाई," तो म्हणाला.

'महा' एवढंच लिहून झालं होतं. मी दुसरा कागद घेतला.